खायचा सोडा, धुवायचा सोडा आणि भोपळ्याचा वेल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट चढतो, पुन्हा उतरतो आणि सिपना नदीच्या काठाने सेमाडोहला येतो. हे गाव लोकांना माहीत असते ते वाघामुळे. १९७४ साली मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक, आणि सेमाडोह हे तिथे जाणाऱ्यांचे मुक्कामाचे ठिकाण. मी तिथे आठ वर्षे शिक्षक होतो. वाघ मला दोनदा दिसला, दोन्ही वेळा एस. टी. च्या खिडकीतून. पण आज मी वाघाबद्दल बोलणार नाही. बोलणार आहे ते स्वयंपाकघरातल्या एका पांढऱ्या पुडीबद्दल, म्हणजे खायच्या सोड्याबद्दल. हा सोडा बागेत वापरावा की नाही, हा प्रश्न हल्ली मला फार जण विचारतात. मोबाईलवर कोणीतरी चित्रफीत पाठवतो, तिच्यात चिमूटभर सोड्याने टोमॅटो गोड होतात, मुंग्या पळतात, गुलाब निरोगी होतो आणि बाग फुलते. यातले खरे किती, हे मला ठाऊक आहे, कारण मी ते चुकून शिकलो आहे. चूक माझी, आणि भोपळा दुसऱ्याचा होता.

माझी बदली सेमाडोहला झाली ती १९९६ साली. मी मूळचा दर्यापूरकडचा. आमच्याकडे सपाट काळी जमीन, झाडे कमी, ऊन भरपूर. सेमाडोह म्हणजे डोंगरांच्या मधली खोलगट जागा. दिवाळी सरली की रात्री अशी थंडी पडते की सकाळी पाण्यात हात घालवत नाही, आणि दुपारी मात्र अंगातला स्वेटर काढून टाकावा इतके ऊन. सकाळी नदीवर धुके असते. खोलीच्या मागे थोडी मोकळी जागा होती, तिथे मी वाटाणा लावला, दोडक्याचा वेल चढवला आणि हौसेखातर परतवाड्याहून दोन गुलाबाची कलमे आणली.

डिसेंबरच्या सुमारास वाटाण्याच्या खालच्या पानांवर पांढरे ठिपके दिसू लागले. वाटले, कोणी पीठ चाळले की काय! आठ दिवसांत ठिपके एकमेकांना मिळाले आणि वेल राखेत लोळवल्यासारखा झाला. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे नाव ठाऊक होते. भुरी. आमच्याकडे मुगा-उडदावर ती नेहमी येते.

भुरी ही बुरशी आहे, पण बाकीच्या बुरशींपेक्षा तिची रीत वेगळी आहे. बहुतेक बुरशींना पानावर पाणी साचलेले लागते. भुरीला ते लागत नाही. हवेत ओल असली की पुरे. रात्री गार आणि दमट, दिवसा कोरडे आणि उबदार असे हवामान तिला मानवते. सेमाडोहचा हिवाळा म्हणजे तिच्यासाठी मांडलेला पाटच. उलट जोराचा पाऊस पडला तर ती धुऊन जाते. दुसरी गोष्ट, ती पानाच्या वर वाढते. पानाच्या आत फक्त बारीक मुळ्यांसारखे तंतू घालून रस ओढते, बाकी सगळा तिचा संसार वर उघड्यावर. म्हणूनच बोटाने पुसली तर पुसली जाते. आणि एक गंमत सांगतो. वाटाण्यावरची भुरी वेगळी, भोपळ्यावरची वेगळी, गुलाबावरची वेगळी. दिसायला सारख्या, पण एकीचे दुसरीच्या घरी सहसा चालत नाही. त्यामुळे वाटाण्याची भुरी गुलाबावर जाईल म्हणून मी जो घोर केला होता, तो फुकट होता.

भुरी उघड्यावर राहते, म्हणूनच तिच्यावर वरून काहीतरी शिंपडून उपाय होऊ शकतो. सोड्याची गोष्ट इथे सुरू होते.

त्या दिवसांत सेमाडोहात औषधाचे दुकान नव्हते. औषध म्हणजे परतवाडा नाहीतर धारणी. शिवाय आपण व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात राहतो, मागून सिपना वाहते, तिच्यात पोरे मासे धरतात, तिथे जहाल औषध मारायला माझे मन होईना. एका जुन्या मासिकाच्या चौकटीत मी वाचले होते, की पाण्यात खायचा सोडा आणि थोडे तेल मिसळून फवारले तर भुरी जाते. करून पाहिले. आणि श्रोतेहो, सांगायला आनंद वाटतो, वाटाण्यावर गुण आला! जुनी पांढरी पाने हिरवी झाली नाहीत, ती कधीच होत नाहीत, पण नवे शेंडे स्वच्छ राहिले. पुढे महिनाभर शेंगा मिळाल्या.

हे निव्वळ घरगुती समजूत म्हणून सोडून देण्यासारखे नाही, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केनेथ होर्स्ट नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर गुलाबावर याचे पद्धतशीर प्रयोग केले, आणि १९९२ साली ते प्रसिद्ध झाले. भुरी आणि गुलाबाच्या पानावर काळे डाग पाडणारा रोग, दोन्हींवर त्यांनी सोडा वापरून पाहिला. एक लिटर पाण्यात सुमारे पाच ग्रॅम सोडा, आणि त्यासोबत फवारणीसाठी शुद्ध केलेले हलके खनिज तेल. नुसत्या सोड्यापेक्षा तेलासह सोडा बराच सरस ठरला. कारण समजायला सोपे आहे. सोड्याचे पाणी मेणचट पानावर ठरत नाही, थेंब घरंगळून जातो. तेलामुळे ते पसरते आणि चिकटते. शिवाय तेल स्वतःही बुरशीला त्रास देते. सोड्यामुळे पानाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, बुरशीच्या बीजाणूंना अंकुर फुटत नाही, तंतू सुरकुततात. पण हा सगळा परिणाम वरवरचा. सोडा झाडाच्या अंगात भिनत नाही. पाऊस आला, गेला. म्हणून तो रोग येण्याआधी किंवा पहिला ठिपका दिसताच वापरायचा. वेल पांढराफटक झाल्यावर सोडा मारणे म्हणजे चोर गेल्यावर दाराला कडी लावणे.

एवढे यश मिळाल्यावर माणूस गप्प बसतो का? त्यातून मी मास्तर! गावात जो भेटेल त्याला सोडा सांगू लागलो.

आमच्या शेजारी एक कोरकू आजी राहत असे. तिच्या घरामागच्या कुंपणावर वालाचे वेल असत आणि एका कोपऱ्यात भोपळ्याचा मोठा वेल, थेट छपरावर गेलेला. हा भोपळा तिच्या घरी नुसती भाजी नव्हता. पिकलेला लाल भोपळा महिनोनमहिने टिकतो. उन्हाळ्यात दुसरे काही नसते तेव्हा छपराखाली ठेवलेला एकेक भोपळा खाली उतरायचा. घरात तीन नातवंडे. मेळघाटातल्या लहान मुलांच्या खाण्यापिण्याबद्दल वर्तमानपत्रांनी त्या काळात पुष्कळ लिहिले आहे, मी त्यात भर घालत नाही. एवढेच सांगतो, की छपरावरचे भोपळे मोजण्याची तिला सवय होती, आणि त्या वर्षी ते अकरा होते.

तिच्या वेलावर भुरी आली. मी म्हटले, "आजी, काळजी करू नका, उद्या औषध मारून देतो." घरातला सोडा संपला होता. तिच्या मोठ्या नातवाला पैसे दिले आणि सांगितले, "दुकानातून सोडा घेऊन ये." तो पुडी घेऊन आला. पांढरी भुकटी. मी पाहिली न पाहिली, बादलीत ओतली. वेल मोठा, म्हणून सोडाही सढळ हाताने. चमचा मोजला नाही. शाळा सुटल्यावर दुपारी, उन्हातच, पिचकारीने सगळा वेल न्हाऊ घातला. पाणी पानांवरून निथळून बुंध्याशी साचले, तेव्हा मला समाधानच वाटले.

दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. तिसऱ्या दिवशी पाने अशी झाली, जणू कोणी खालून जाळ धरला होता. कोवळे शेंडे काळे पडले. आजी कुंपणाशी उभी होती. तिने मला बोलावले नाही, मीच गेलो. ती कोरकू बोले आणि माझ्याशी हिंदीत. म्हणाली, "गुरुजी, ये तो जल गया." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मी पुडीचा कागद शोधून काढला. उरलेली भुकटी बोटाला लावून पाहिली तर बुळबुळीत लागली आणि चरचरली. पोराने धुण्याचा सोडा आणला होता. त्याची काय चूक? मी "सोडा" म्हटले होते. त्यांच्या घरी सोडा कपड्यांसाठीच येत असे.

श्रोतेहो, आपल्या भाषेत दोघांना एकच शब्द आहे, पण वस्तू दोन आहेत. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो सौम्य असतो, त्याच्या पाण्याचा सामू आठाच्या थोडा वर. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, त्याचा सामू अकराच्या आसपास जातो. सामूच्या मोजपट्टीवर एक घर वर जाणे म्हणजे अल्कपणा दहापट होणे. तेव्हा आठ आणि अकरा यांत तीनच घरांचे अंतर आहे असे समजू नका. कोवळ्या पानाला तो जाळतोच. आणि आणखी एक. खायचा सोडासुद्धा उकळत्या पाण्यात घातला तर त्यातला वायू निघून जातो आणि हळूहळू त्याचा धुण्याचा सोडाच होऊ लागतो. म्हणून फवारणीसाठी सोडा गार पाण्यातच विरघळवायचा. आणि बेकिंग पावडर ही तिसरीच वस्तू, तिच्यात सोड्याबरोबर आम्लही असते. ती इथे उपयोगाची नाही.

आम्ही वेल साध्या पाण्याने धुतला, बुंध्याशी भरपूर पाणी सोडले. अकरापैकी जे चार भोपळे जून झाले होते ते वाचले. बाकीचे लहान होते, ते पिवळे पडून गळाले. पुढच्या खेपेला परतवाड्याच्या बाजारातून मी दोन मोठे भोपळे आणून तिच्या ओसरीत ठेवले. तिने एक ठेवून घेतला आणि दुसरा नातवाच्या हाती माझ्याकडे परत पाठवला. त्यानंतर माझे औषध मात्र तिने कुंपणाच्या आत येऊ दिले नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो तेव्हा हा प्रकार वडिलांना सांगितला. मला वाटले, धुण्याचा आणि खायचा यातला फरक ऐकून ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "आपल्या वावरात सोडा हाये म्हनून आपन जलमभर रडलो, अन् तू तो इकत घेऊन मातीत टाकून राह्यला?"

हे वाक्य समजायला आमची जमीन समजली पाहिजे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी खारपाणपट्टा पसरला आहे. सुमारे पावणेपाच लाख हेक्टर. दर्यापूर, भातकुलीपासून पुढे अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगावपर्यंत. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिकाला देता येत नाही. पाण्यात क्षार, आणि त्या क्षारांत सोडियम पुष्कळ. आमच्या वडिलांनी तरुणपणी हौसेने विहीर खणली, दोन वर्षे मिरचीला पाणी दिले आणि तिसऱ्या वर्षी ते वावर बसले. बसले म्हणजे काय? वरून पाऊस पडला की पाणी मुरेना, डबके साचून राही. वाळले की दगडासारखे कडक. वखर चालेना. कुठे कुठे पांढरा थर. या जमिनीला आमच्याकडे चोपण म्हणतात.

यामागचे कारण असे. काळी माती अतिशय बारीक चिकणमातीच्या कणांची असते. ते कण एकमेकांना धरून त्यांचे रवे होतात, आणि रव्यांच्या फटींतून पाणी आणि हवा जाते. हे रवे बांधून ठेवण्याचे काम कॅल्शियम करते. सोडियम आले की ते कॅल्शियमला हुसकावून त्याच्या जागी बसते, पण त्याला रवे धरून ठेवता येत नाहीत. कण सुटे होतात, फटी बुजतात. मातीच्या कणांना धरून असलेल्या अशा क्षारघटकांत सोडियमचा वाटा शेकडा पंधराच्या वर गेला की शास्त्रज्ञ त्या जमिनीला चोपण म्हणतात. पण आपल्या भारी काळ्या मातीला त्याच्या कितीतरी आधीच त्रास सुरू होतो. आणि पाण्यात बायकार्बोनेट जास्त असले तर आणखी वाईट. ते मातीतल्या कॅल्शियमला पकडून त्याची चुनखडी करते, म्हणजे सोडियमला मैदान मोकळे. पाणी तपासणीच्या अहवालात "अवशेष सोडियम कार्बोनेट" असा एक आकडा असतो, तो याचाच हिशेब. तो लिटरला अडीच मिलीइक्विव्हॅलंटच्या वर असला तर ते पाणी ओलिताला नको म्हणतात.

आता सोड्याच्या पुडीकडे पाहा. सोडियम आणि बायकार्बोनेट. खारपाणपट्ट्याच्या विहिरीत जे दोन शत्रू आहेत, नेमके तेच दोन त्या पुडीत कोरडे करून भरले आहेत. शंभर ग्रॅम खायच्या सोड्यात सत्तावीस ग्रॅम सोडियम असते. समजा, तुम्ही गच्चीवरच्या कुंडीतल्या गुलाबाला आठवड्याला एक लिटर द्रावण मारता, लिटरला पाच ग्रॅम. दहा आठवड्यांत पन्नास ग्रॅम सोडा, म्हणजे साडेतेरा ग्रॅम सोडियम. हे सगळे निथळून कुंडीत गेले, आणि कुंडीत माती दहा किलो. सेमाडोहला उतार आहे, पाऊस मुबलक आहे, पावसाळ्यात क्षार वाहून सिपनेत आणि तिथून तापीत जातात. कुंडीतून ते जाणार कुठे? भोक असते हे खरे, पण आपण पाणी मोजूनमापून घालतो. ते सोडियम तिथेच साठत राहते.

खारपाणपट्ट्यावर उपाय नाहीत असे नाही. जिप्सममध्ये कॅल्शियम असते, ते मातीत मिसळले आणि पाण्याचा निचरा करून दिला तर सोडियम सुटून वाहून जाते. ढैंचा, बोरू यांसारखी हिरवळीची पिके गाडली तर माती मोकळी होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या जमिनींवर बरेच काम केले आहे. शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी धरून तेच संरक्षित ओलिताला वापरणारे शेतकरी आज आमच्या भागात आहेत. पण याला वर्षे लागतात आणि पैसा लागतो. जमीन बिघडवायला मात्र दोन हंगाम पुरतात, हे मी वडिलांच्या वावरात पाहिले आहे.

वऱ्हाडचे आणि सोड्याचे नाते तसे जुने आहे बरे का. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आपण उल्केच्या आघाताने झालेले विवर म्हणून पाहायला जातो. त्याचे पाणी म्हणजे सोड्याचे पाणीच. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले की काठावरचा क्षार गोळा करत, त्याच्या निरनिराळ्या प्रतींना दल्ला, पापडी अशी नावे होती. साबण आणि काच करायला तो जाई. अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीतही लोणारच्या या मालाचा उल्लेख आहे. काठाचा तो क्षार कोणी शेतात नेऊन टाकल्याचे मी कुठे वाचलेले नाही. आमचे पूर्वज तेवढे शहाणे होते.

आता मोबाईलवरच्या बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. टोमॅटोच्या बुंध्याशी सोडा घातला की टोमॅटो गोड होतो, याला मला आधार सापडलेला नाही. टोमॅटोची गोडी वाणावर, उन्हावर आणि पाणी किती दिले यावर ठरते. फरशीच्या फटीतले गवत सोड्याने मरते, हे खरे, पण ते मिठानेही मरते, आणि त्याच कारणाने. शेजारची कुंडी सांभाळा. ओल्या मातीवर सोडा टाकला आणि फसफसला तर माती आम्ल, हा प्रयोग आपल्याकडे व्यर्थ आहे, कारण वऱ्हाडची काळी माती बहुधा अल्कच असते. मुलांना काही दाखवायचेच असेल तर सुक्या ढेकळावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहे असे समजा. मी शाळेत हा प्रयोग करून दाखवत असे. दर्यापूरची माती पुडीत बांधून नेली होती, ती फसफसली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मावा, तुडतुडे, मर रोग, पाने आकसणारा विषाणू, यांपैकी कशावरही सोडा चालत नाही. केवडा नावाचा रोग भुरीसारखा वाटतो, पण त्यात पानाच्या वरच्या बाजूला पिवळे चट्टे आणि खाली राखी लव असते, ती बोटाने सहज पुसली जात नाही. तिथेही सोड्यावर भिस्त ठेवू नये. आणि भोपळ्याच्या काही वाणांच्या पानांवर शिरांच्या कडेने जन्मतःच रुपेरी डाग असतात. पुसून पाहा. जात नसतील तर तो रोग नाही, ते त्या पानाचे रूप आहे. एका गृहस्थांनी महिनाभर त्या डागांवर सोडा मारला, आणि डाग जात नाहीत म्हणून मात्रा वाढवत नेली!

मग सोडा वापरूच नये का? माझे मत असे आहे, की कोरड्या हिवाळ्यात, पहिला ठिपका दिसताच, दोन-चार वेलांच्या परसबागेत जरूर वापरावा. एक लिटर गार पाणी, चहाचा एक सपाट चमचा खायचा सोडा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. अर्धा ते एक चमचा खायचे किंवा कडुनिंबाचे तेल, आणि तेल पाण्यात मिसळावे म्हणून सौम्य द्रवसाबणाचे दोन थेंब. चांगले हलवायचे, फवारतानाही मधूनमधून हलवायचे. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहायची. मग सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पानाच्या दोन्ही बाजूंनी, धुक्यासारखे बारीक. पाणी निथळून खाली पडता कामा नये. कुंडी असेल तर मातीवर जुना कागद किंवा पोत्याचा तुकडा अंथरा. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा, बस. तहानलेल्या, माना टाकलेल्या झाडावर मारू नका. त्यात व्हिनेगर किंवा लिंबू मिसळू नका, दोघे एकमेकांना मारतात आणि हाती पाणी उरते. आणि खारपाणपट्ट्यात राहत असाल तर विहिरीच्या पाण्यात सोडा कालवू नका. तुमच्या पाण्यात तो आधीच आहे. घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असेल तर त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी कुंड्यांना घालण्याचा मोह होतो, तोही आवरा. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

सोडियमचा हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही जाणवला. म्हणून परदेशात आता पोटॅशियम बायकार्बोनेट भुरीवरचे औषध म्हणून विकले जाते. पोटॅशियम झाडाला लागतेच, ते साठून माती बसत नाही. आपल्याकडे गावच्या दुकानात ते मिळत नाही, पण पाण्यात विरघळणारे गंधक मिळते. लिटरला दोन ते तीन ग्रॅम, भुरीवरचा खात्रीचा जुना उपाय. मात्र कडक उन्हाळ्यात ते पाने भाजते, काकडीवर्गीय वेलांना जपून मारावे लागते, आणि तेलाच्या फवारणीला लागून गंधक मारू नये. १९९९ साली ब्राझीलमधल्या वॅग्नर बेटिओल या शास्त्रज्ञाने दाखवले, की एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्याला फवारले तर भोपळावर्गीय वेलांवरची भुरी आटोक्यात येते. प्रयोग उत्तम आहे. पण ज्या घरात पोराला पेलाभर दूध मिळत नाही, त्या घरात मी दूध पानावर मारायला सांगणार नाही. शिळ्या, आंबट ताकाचे भांडे विसळलेले पाणी असेल तर वेगळी गोष्ट.

काही न फवारताही पुष्कळ होते. वेलांत अंतर ठेवा, वारा खेळू द्या. पहिली भुरकट पाने तोडून लांब नेऊन पुरा. नत्राचे खत जास्त झाले की पाने कोवळी लुसलुशीत होतात आणि भुरीला आयते ताट मिळते.

सेमाडोहची आजी हेच करत असे, हे माझ्या नंतर लक्षात आले. ती रोज सकाळी वेलाखालून फिरे, खालची जून पाने खुडून टाके आणि चुलीतली राख वालाच्या पानांवर हलकेच उधळे. राखेचा तसा उपयोग किती होतो, हे मी मोजलेले नाही. तीही अल्कधर्मीच. पण तिची मूठ हलकी होती आणि माझी पिचकारी जड.

२००४ साली माझी तिथून बदली झाली. त्यानंतर अनेक वर्षांनी एका हिवाळ्यात पुन्हा गेलो. आजी राहिली नव्हती. तो मोठा नातू घरी होता, आता त्याचीच पोरे शाळेत जातात. कुंपणावर वाल होता, छपरावर भोपळा होता, आणि खालच्या तीन-चार पानांवर भुरी. माझ्या पिशवीत सोड्याची पुडी होती, सवयच आहे. मी ती बाहेर काढली. त्याने ती हातात घेतली, बोटाला लावून चाखली आणि मगच म्हणाला, "हां गुरुजी, ये खानेवाला है." मग चहाचा चमचा आणायला तो आत गेला.